पश्चिम राजस्थान: १६ जण, आठ रात्री – मार्ग आणि मुक्काम ठरवायला मदत हवी

सह्यपायी:
नमस्कार मंडळी,
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून १६ जणांचा ग्रुप न्यायचा आहे. चौघं ज्येष्ठ (६५ ते ७२), तीन मुलं (१० ते १४), बाकीचे सह्याद्रीत नियमित भटकणारे. ट्रेनच्या रात्री धरून एकूण आठ रात्री हातात आहेत. वाळवंट, किल्ले आणि दुकानदारी नसलेलं एखादं गाव, एवढं बघायचंय. सध्या कागदावर उदयपूर–कुंभलगड–जोधपूर–जैसलमेर–बिकानेर असा मार्ग आहे.

प्रश्न असे: हे जास्त होतंय का? वाळवंटातला मुक्काम सम की खुरी (जैसलमेरजवळची वाळूच्या टेकड्यांची दोन ठिकाणं)? जैसलमेरच्या किल्ल्यातच हॉटेल घ्यावं का? 'व्हिलेज सफारी' म्हणून जे विकतात त्यात अर्थ आहे का? आणि ज्येष्ठांना उंटावर बसवावं का? खर्चापेक्षा दगदग कमी करण्यावर भर आहे.

मरूवाट:
जास्त नाही, फारच जास्त होतंय. उदयपूर–जोधपूर सुमारे २५० किमी, जोधपूर–जैसलमेर २८५, जैसलमेर–बिकानेर ३३०. नकाशावर हे सरळ दिसतं, पण १६ जणांच्या ग्रुपचा चहा आणि स्वच्छतागृहाचा एक थांबा अर्ध्या तासाच्या आत संपत नाही. दिवसात तीन थांबे म्हणजे दीड तास गेला. शिवाय उदयपूर-कुंभलगड हा अरवलीचा, तळ्यांचा मुलूख. तिथे वाळवंट नाही. तो भाग आणि बिकानेर दोन्ही काढा आणि फक्त मारवाड-जैसलमेर ठेवा.

पहिली रात्र ट्रेन. मग जोधपूर दोन रात्री, जैसलमेर दोन, वाळवंटात एक, परतताना जोधपूर एक आणि शेवटची पुन्हा ट्रेन. झाल्या आठ. वाळवंटातली रात्र सुरुवातीला घेऊ नका. जैसलमेरला दोन दिवस राहिल्यावर थंडीचा अंदाज आलेला असतो आणि कोणाला सर्दी-ताप असेल तर तोही तोवर कळतो.

जोधपूरहून जैसलमेरला जाताना सरळ हायवेने जाऊ नका. ओसियां–फलोदी–पोकरण असं जा. पंचवीसेक किमीच जास्त पडतात, पण कंटाळवाण्या प्रवासाचा दिवस सत्कारणी लागतो. सकाळी ७ला निघालात तर ओसियांची जुनी मंदिरं आणि सच्चियाय मातेचं दर्शन करून १२च्या सुमारास खीचनला पोहोचता. फलोदीजवळच्या या गावात दर हिवाळ्यात हजारो कुरजां, म्हणजे करकोचे, उतरतात. गावकरी त्यांना सकाळी चुग्गाघरात, म्हणजे दाणे टाकायच्या कुंपणाच्या जागेत, दाणे घालतात; ते बघायला मिळणार नाही, कारण त्यासाठी फलोदीला मुक्काम हवा. दुपारी मात्र ते गावाच्या तळ्यांवर असतात, तिथे अर्धा तास द्या. मुलांना आधीच सांगा: टाळ्या, आरडाओरडा, धावणं नाही. एक थवा उठला की बाकीचेही उठतात. पुढे पोकरणला उशिरा जेवण आणि अंधार पडता पडता जैसलमेर.

सम की खुरी: तुमच्या ग्रुपला खुरी. सम जैसलमेरपासून ४० किमी, खुरी ४५-५०, म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही. फरक गर्दीचा आहे. समला कॅम्पला लागून कॅम्प आहेत, शेजारच्याचा डीजे तुमच्या तंबूत ऐकू येतो आणि सूर्यास्ताला टेकडीवर जीपची घरघर असते. समच्या वाळूच्या टेकड्या जास्त मोठ्या आहेत हे मान्य. पण कुठेही गेलात तरी क्षितिजापर्यंत नुसती वाळू मिळणार नाही हे ग्रुपला आधीच सांगून ठेवा. थारचा बराच भाग म्हणजे खुरटी झुडपं, खेजडी, आक आणि दगडगोट्यांचा माळ. उंच धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, अधूनमधून लागतात.

समला गेलातच तर रस्त्यात मोटारसायकलवरून गाडीशेजारी येऊन 'कॅम्प बुक है क्या' विचारणारे लपके भेटतील. तुमचा कॅम्प बंद पडलाय, रस्ता तुटलाय, काहीही सांगतील. काच खाली करू नका आणि कॅम्पच्या माणसाचा फोन नंबर ड्रायव्हरकडे नव्हे, स्वतःकडे ठेवा.

कॅम्पशी काय ठरवायचं: पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. तंबू किती आणि प्रत्येकाला स्वतंत्र संडास-बाथरूम आहे का. एका उंटावर एक जण की दोन. उंटावर किती मिनिटं (नुसतं 'कॅमल राइड' लिहिलं असेल तर टेकडी चढून उतरलं की संपली). जीप यात धरली आहे की वेगळी. गरम पाणी कोणत्या वेळेत. गाणं-बजावणं किती वाजता बंद. माणशी दोन रजया मागून घ्या. तंबूत थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, म्हणून एक रजई अंगाखाली घालायची. जानेवारीत रात्री पारा ५ ते ८ अंशांवर येतो, दुपारी तोच २३-२५ असतो. कोरडी हवा आणि वाळू, दोन्ही उष्णता धरून ठेवत नाहीत, त्यामुळे सूर्य बुडाल्यावर तासाभरात स्वेटर लागतो. एक जाड जॅकेट आणण्यापेक्षा थर्मल, स्वेटर, वारा अडवणारं पातळ जॅकेट असे थर बरे. कानटोपी सगळ्यांना.

त्या दिवसांत सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. जैसलमेरहून ३ला निघा, ४ला कॅम्प, पावणेपाचला उंट. पाचनंतर पोहोचलात तर सामान टाकून धावत सुटावं लागतं आणि नेमके ज्येष्ठच मागे राहतात.

उंट: उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. तेव्हा मागे रेलायचं. मग पुढचे पाय उठले की थोडं पुढे. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतात, तेव्हा पुन्हा मागे रेलायचं. बहुतेक जण पडतात ते या दोन क्षणांतच, चालताना नाही. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो म्हणून अंग डावीउजवीकडे डोलतं. कंबर सैल सोडली की त्रास कमी. पाऊण तास पुरे, पुढे मांड्या घासतात. मणक्याचा, गुडघ्याचा त्रास असेल किंवा सांधा बदललेला असेल तर उंटावर नकोच, उंटगाडी सांगा. तीच टेकडी, तोच सूर्यास्त. साडी नको, सलवार किंवा पँट.

पायात बंद बूट. पावसाळ्यानंतर भुरट नावाचं काटेरी गवत वाळतं, त्याच्या बारीक गाठी लोकरी मोज्यांत रुतून बसतात आणि उपटताना बोटांत जातात. कॅमेऱ्याची लेन्स टेकडीवर बदलू नका.

बुरूजबंद:
किल्ल्यांपुरतं लिहितो.

जैसलमेरच्या किल्ल्यात राहू नका. ११५६ मध्ये रावळ जैसलने वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. त्रिकूट टेकडीच्या वालुकाश्मात चिकणमातीचे थर आहेत. पूर्वी माणशी पाणी घागरीने मोजून वापरलं जायचं. नळ आले, हॉटेलं आली आणि मुरणारं सांडपाणी कैक पटींनी वाढलं. ओली माती फुगते, सरकते आणि वरचा तट, बुरूज, घरं खचतात. भिंती पडल्याच्या घटना झालेल्या आहेत. तुमचे १६ जण म्हणजे दिवसाला १६ आंघोळी. तत्त्वाचं सोडा, सोयीचंही नाही: टेम्पो ट्रॅव्हलर आत जात नाही, सामान रिक्षात घालून चढवावं लागतं. किल्ल्याबाहेर, गच्चीवरून किल्ला दिसेल असं हॉटेल घ्या. सकाळचं ऊन तटावर पडतं ते बाहेरूनच दिसतं.

किल्ला सकाळी आधी करा. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ असे चार दरवाजे चढून दशहरा चौकात येता. फरसबंदी शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालीय, ज्येष्ठांच्या बुटांना रबरी तळ हवा. आतली जैन मंदिरं पर्यटकांना साधारण दुपारपर्यंतच खुली असतात, म्हणून आधी तीच. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स आत चालत नाही. हॉटेलवरच ठेवून या, नाहीतर १६ जणांच्या पट्ट्यांची राखण करायला एक जण बाहेर बसवावा लागेल. ९९ बुरूज मोजण्याच्या फंदात पडू नका.

मेहरानगड (राव जोधा, १४५९) उलट्या स्वभावाचा. इथे वस्ती नाही, उत्तम सांभाळलेलं संग्रहालय आहे आणि शहरापासून सुमारे १२० मीटर उंच, कातळाशी एकजीव झालेला तट. युनेस्कोच्या २०१३ च्या यादीत राजस्थानचे सहा डोंगरी किल्ले आहेत, त्यात जैसलमेर आहे पण मेहरानगड नाही. यावरून कमी लेखू नका. सह्याद्रीतल्यांनी जयपोळपासून पायीच चढावं: दरवाजांची काटकोनातली वळणं, हत्तीला धडक द्यायला धाव मिळू नये म्हणून केलेली, आणि फळ्यांवरचे खिळे बघत. डेढ कांगरा पोळेजवळ तोफगोळ्यांच्या खुणा आहेत, लोहा पोळेवर सतींच्या हातांचे ठसे. ज्येष्ठांना खालून लिफ्ट आहे, वेगळं तिकीट काढावं लागतं.

सकाळी ९ला दरवाजा उघडतो तेव्हा आत असा. ११नंतर आतल्या अरुंद जिन्यांवर रांगा लागतात आणि ग्रुप तुटतो. परत उतरताना ग्रुपचे दोन भाग करा. ज्येष्ठ जयपोळेकडे गाडीत. बाकीच्यांनी फतेह पोळेने उतरावं. तो रस्ता थेट नवचौकियाच्या निळ्या घरांत जातो. तिथून विचारत विचारत तूरजी का झालरा या अठराव्या शतकातल्या बारवेपर्यंत चालत या. गाडीने निळं शहर दिसत नाही.

किल्ल्याच्या पायथ्याला राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, ७२ हेक्टरचा. कातळातून वेड्या बाभळीचं रान काढून तिथे थारची मूळ झाडंझुडपं परत लावली आहेत. तुमच्या ट्रेकर मंडळींना हे किल्ल्याइतकंच आवडेल.

खिडकीची_सीट:
तिकिटांचं बघा आधी, बाकी चर्चा नंतर. बांद्रा टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस रोज आहे, दुपारी सुटून सकाळी जोधपूर. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. एका पीएनआरवर सहाच जण बसतात, पण ६+६+४ असं करू नका. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एकच किंवा दोनच प्रवासी असतील तरच मिळतो. म्हणून ज्येष्ठांची २+२ अशी दोन तिकिटं वेगळी काढा आणि बाकी बारा जण ६+६. तीनही मुलं एकाच पीएनआरवर टाकू नका. एक तिकीट कन्फर्म झालं नाही तर घोळ होतो.

गाडी १७ सीटची घेतलीत तर १६ माणसं बसतील, सामान बसणार नाही. २० सीटची सांगा. जोधपूर ते जोधपूर असा एकच करार करा आणि त्यात टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, रोजचे किमान किलोमीटर सगळं लिहून घ्या.

मरूवाट:
गावाचा प्रश्न राहिला होता. जोधपूरच्या दक्षिणेला बिश्नोई (झाडं आणि प्राणी जपणारा समाज) गावांची जी जीप सफारी असते तिचा अर्धा भाग दुकानदारीचा आहे, हे खरं. पण मुलूख खरा आहे. दलालाच्या ठरलेल्या फेरीऐवजी स्वतःच्या गाडीने खेजडली, गुढा बिश्नोई आणि सालावास एवढंच करा, अर्धा दिवस पुरतो. खेजडलीत १७३० मध्ये अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई झाडांना मिठी मारून तोडीसमोर उभे राहिले आणि मारले गेले. ते झाड खेजडी, म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिच्याच शेंगांची सांगरी होते, ती केर-सांगरी ताटात आल्यावर मुलांना दाखवा. गुढ्याच्या तळ्याकाठी चिंकारा, काळवीट दिसतात. ते माणसाला फार बुजत नाहीत म्हणून ड्रायव्हर गाडी मागे घालायला बघतो, त्याला थांबवा.

एक गोष्ट गाईडला निघण्याआधीच सांगा: अमल नको. पाहुण्याला तळहातावर अफूचं पाणी देण्याची जुनी रीत पर्यटकांसमोर करून दाखवतात आणि प्यायचा आग्रह होतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली हा गुन्हा आहे, आणि तुमच्यासोबत मुलं आहेत. 'चहा घेऊ' म्हटलं की कोणी रागवत नाही.

सालावासला पंजा दऱ्या (हाताने विणलेल्या सतरंज्या) माग चालू असताना बघता येतात. सुती दरी दोन्ही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे आणि कडा सरळ हवी. घडी घालून कडेला कडा जुळते का बघा. घुंघटातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुलांना चॉकलेट-पेनं वाटणं तर नकोच, पुढच्या गाडीमागे तीच मुलं धावतात.

खुरीला जाताना कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव वाटेवर घेता येतं, थोडा वळसा आहे. गाईड भुताच्या गोष्टी सांगेल, सांगू दे. बघण्यासारखी आहे ती पालीवालांची आखणी: सरळ गल्ल्या आणि त्या भागातली खडीन. उतारावरून येणारं पावसाचं पाणी लांब बांध घालून अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा.

सह्यपायी:
सगळ्यांचे मनापासून आभार. उदयपूर आणि बिकानेर काढलं. दोनच शंका: तनोट-लोंगेवाला (सीमेजवळचं मातेचं देऊळ आणि १९७१ च्या लढाईची जागा) एका दिवसात बसवावं का? आणि कॅम्पवर गाणी असतात ती ऐकण्यासारखी असतात का?

मरूवाट:
तनोट जैसलमेरपासून १२० किमी. लोंगेवाला धरून जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो आणि जैसलमेरचा दुसरा दिवस त्यातच संपतो. १९७१ च्या लढाईत कोणाला विशेष रस असेल तर जैसलमेर–जोधपूर रस्त्यावरचं वॉर म्युझियम दोन तासांत होतं. जायचंच ठरलं तर सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, टाकी भरलेली, दुपारचं जेवण बरोबर, आणि रस्ता खुला आहे का ते आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या, सीमाभाग आहे.

गाण्यांचं तुमच्या हातात आहे. काही न सांगता बसलात तर हिंदी सिनेमाची गाणी आणि नाच. बुकिंग करतानाच सांगा की मांगणियार (इथला पिढीजात गाणाऱ्यांचा समाज) कलाकार हवेत आणि कमायचा वाजवणारा असावा. कातड्याने मढवलेलं, गजाने वाजवायचं हे वाद्य मोजक्याच हातांत उरलंय. जोडीला खडताल (लाकडी पट्ट्यांचं तालवाद्य) आणि मोरचंग (तोंडात धरून वाजवायचं वाद्य). स्पीकर बंद करायला सांगा, १६ जणांना शेकोटीभोवती त्याची गरज नाही. बिदागी कॅम्पवाल्याच्या हातात न देता थेट कलाकारांना द्या, आणि ती कॅम्पच्या बिलात आधीच धरली आहे का ते त्यांच्यासमोरच विचारा.