एअरबॅगची लाईट विझत नाहीये, मीटर लावून बघू का?

नवखा_चालक
नमस्कार मंडळी, गाडी आठ वर्षांची आहे आणि आठवडाभर एअरबॅगची लाईट डोक्यात जातेय. चावी फिरवली की सगळ्या लाईटी पेटतात, पाच-सात सेकंदांत बाकीच्या विझतात, ही मात्र तशीच. आधी कधीतरी लागायची, आता कायमचीच बसलीय. माझ्या छोट्या ब्लूटूथ स्कॅनरमध्ये एकही कोड दिसत नाही, मग ओळखीतल्या एकाच्या मोठ्या स्कॅनरवर बघितलं तर "ड्रायव्हर साइड एअरबॅग, सर्किट रेझिस्टन्स हाय" असं आलं. कोड क्लिअर केला, दुसऱ्या दिवशी परत हजर. ज्याला विचारावं तो क्लॉक स्प्रिंग म्हणतो. माझा विचार असा की रविवारी स्टिअरिंगवरची एअरबॅग काढायची, कपलर सोडवायचा आणि मल्टीमीटरने एअरबॅगचाच रेझिस्टन्स बघायचा, म्हणजे एअरबॅग गेली की वायर हा सोक्षमोक्ष लागेल. घरातलं वायरिंग मीच करतो त्यामुळे मीटर नवीन नाही मला. कुणी केलंय का असं?

पाना_दहाचा
अहो थांबा थांबा!! एअरबॅगला मीटर लावायचा नाही म्हणजे नाही. मीटर ओहमवर टाकला की तो स्वतःचा करंट सोडतो, आणि एअरबॅगच्या आत जो स्क्विब असतो, म्हणजे ती पेटवणारी बारीकशी कांडी, त्याला साधारण सव्वा अँपिअर दोन मिलिसेकंद मिळाला की खेळ खलास. चांगल्या मीटरचा करंट त्यापेक्षा खूप बारीक असतो हे मान्य, पण रेंज चुकली, मीटर बिघडलेला निघाला, तर तोंड कुणाचं समोर असणार? तुमचंच ना. सगळ्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट मना केलेलं असतं.
छोट्या स्कॅनरला कोड दिसला नाही यात नवल नाही, ते बहुतेक फक्त इंजिनचं वाचतात. एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे ती कधी उडवायची ते ठरवणारा डबा, वाचणारा स्कॅनरच लागतो.

तारकाका
पाना_दहाचा यांच्याशी शंभर टक्के सहमत. पण मला दुसराच प्रश्न पडलाय. नवखा_चालक, हॉर्न वाजतो का? स्टिअरिंगवरची बटणं चालतात का? क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगमागची गुंडाळलेली चपटी केबल, तिच्यातूनच हॉर्न आणि बटणांच्या तारा जातात, त्यामुळे ती तुटायला लागली की बऱ्याचदा हॉर्न पण गचके खातो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की लाईट लागते-जाते. तसं काही नसेल तर स्टिअरिंग उघडायची घाई करू नका.
आणि तो कोड परत वाचा. "ड्रायव्हर फ्रंट" लिहिलंय की "ड्रायव्हर साइड"? साइड असेल तर ती एअरबॅग बहुतेक सीटच्या पाठीत शिवलेली आहे, स्टिअरिंगचा काही संबंधच नाही 😀

जुगाड_किंग
भाऊ एवढं कशाला डोकं लावताय, कपलरमध्ये दोन ओहमचा रेझिस्टर खोचून टाका, लाईट बंद, विषय संपला. मी केलंय, दोन वर्षं झाली.

तारकाका
जुगाड_किंग, लाईट बंद झाली आणि एअरबॅग पण बंद झाली, हे पण सांगा की त्यांना. मॉड्यूलला वाटतं सगळं ठीक आहे आणि ठोकर बसल्यावर ते तुमच्या रेझिस्टरला फायर करतं. जुन्या गाड्या विकताना हेच करून गळ्यात मारतात लोकं.
रेझिस्टर वापरायचा तो शोधण्यासाठी, काम झालं की काढायचा. एअरबॅगच्या जागी मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा रेझिस्टर लावायचा, साधारण २ ओहमच्या आसपास असतो, मग कोड क्लिअर करून बघायचं. कोड आला नाही तर दोष एअरबॅगच्या बाजूला, आला तर वायर किंवा मॉड्यूल. म्हणजे एअरबॅगला मीटर न लावता उत्तर मिळतं.
अजून एक, पिवळ्या कपलरच्या आत स्प्रिंगची बारीक पट्टी असते, कपलर सुटला की ती दोन्ही पिना आपसात जोडते, स्टॅटिकने एअरबॅग उडू नये म्हणून. मला हे माहीत नव्हतं तेव्हा सुटलेल्या वायरिंगला मीटर लावला, जवळपास शून्य आलं आणि मी दोन दिवस नसलेला शॉर्ट शोधत बसलो होतो.

नवखा_चालक
काका, कोड परत बघितला, साइडच आहे!! आणि हॉर्न, बटणं एकदम झकास. लाईट कधीपासून ते आठवलं, सीटखाली काहीतरी पडलं होतं म्हणून सीट जोरात पुढे-मागे केली होती, त्यानंतरच. आता?

पाना_दहाचा
मग सीटखाली बघा, पण आधी इग्निशन ऑफ, बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि थांबा. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी काढली तरी त्याच्यात एअरबॅग उडवण्याइतकी पॉवर थोडा वेळ राहते. कुठे दीड मिनिट लिहिलेलं असतं कुठे दहा, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा, मी सरळ दहा थांबतो. कपलर सुटलेला असताना चावी फिरवू नका, नवीन कोड बसतो उगाच. कपलर नीट बसलाय का, लॉक आत गेलंय का, पिनांवर हिरवट काही आहे का. स्क्विबच दोन ओहमचा, त्यात कपलरने एक-दीड ओहम वाढवला तरी मॉड्यूल ओरडतं. हॉर्नच्या बटणाला तेवढं वाढलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

नवखा_चालक
झालं!! पंधरा मिनिटं थांबलो, टॉर्च घेऊन सीटखाली डोकं घातलं. पिवळा कपलर वरून बसल्यासारखा वाटत होता पण लॉकची पट्टी अर्धीच आत, आणि तार सीटच्या रुळाच्या कडेला घासलेली. पिना स्वच्छ होत्या. सोडवून परत कट् आवाज येईपर्यंत दाबला, बॅटरी जोडली, ओळखीतल्याकडे जाऊन कोड क्लिअर केला. चार दिवस झाले, लाईट सहा सेकंदांत विझते. तारेचं वरचं कव्हर थोडं खरवडलंय, टेप मारू का?

तारकाका
आतलं तांबं दिसत नसेल तर तार जुन्या जागी क्लिपमध्ये बसवा, रुळापासून लांब. तांबं दिसत असेल तर टेप नको आणि सोल्डर तर अजिबातच नको, तेवढा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, कंपनीच्या पद्धतीने बदलून घ्या. आणि सीटखाली पडलेलं ते सापडलं का शेवटी?

नवखा_चालक
सापडलं, पेनाचं टोपण 🤦 पेन कधीच हरवलंय.