एसएफपी खिशात ठेवलं तर खरंच काही बिघडतं का?

रॅकवाला: नऊ वर्षं डेटा सेंटरमध्ये काढली. आता नवा फतवा निघालाय: एसएफपीला (नेटवर्क स्विचच्या पोर्टात बसणारं, लेझरने फायबरमधून सिग्नल पाठवणारं-घेणारं बोटाएवढं मॉड्यूल) हात लावायचा तर मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा (अंगावरची स्थिर वीज, म्हणजे स्टॅटिक, जमिनीत सोडणारा), प्रत्येक मॉड्यूल आपापल्या डबीत, वर वहीत नोंद. अहो, ही वस्तू चालू स्विचमध्ये घालण्या-काढण्यासाठीच बनलीय, अंगावर धातूचं कवच आहे. मी शर्टाच्या खिशात दोन-दोन घेऊन फिरलोय, एकही मेलं नाही. मुंबईच्या दमट हवेत कसली आलीय स्टॅटिक? तोंडावरची डस्ट कॅप सांभाळा, बास.

फायबरताई: मेलं नाही हे कशावरून? स्टॅटिकने लेझर जागीच मरतो असं नाही. अर्धमेला होतो, महिन्यांनी मान टाकतो, तेव्हा आपण बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. कवच म्हणाल तर मागच्या, स्विचला टेकणाऱ्या सोनेरी पट्ट्या उघड्याच असतात, अन् बोट नेमकं तिथेच जातं. दमटपणा रस्त्यावर हो, सर्व्हर रूममध्ये एसी असतो.

रॅकवाला: ताई, पुढची ओढायची कडी धरून काढलं की बोट तिकडे जातंच कशाला?

कोकणी_केबल: पट्ट्याचं तुमचं तुम्ही बघा, मला खिसा खटकतो. सिंगलमोड (लांब पल्ल्याच्या) फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा 9 मायक्रॉनचा, त्यापुढे खिशातला कापसाचा तंतू म्हणजे ओंडका. मागे आमची दहा जीची (सेकंदाला 10 गिगाबिटची) लिंक सारखी फडफडायची. डीडीएममध्ये (मॉड्यूल स्वतःची मापं दाखवतं तिथे) बघतो तर एरवी उणे 4 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) असणारा रिसीव्ह, म्हणजे आत येणारा प्रकाश, पार उणे 13 वर घसरलेला. मॉड्यूल बदला म्हणून ओरडा सुरू. क्लीनिंग पेनने पॅचकॉर्डचं (जोडणीच्या छोट्या फायबर केबलचं) टोक आणि पोर्ट दोन्ही पुसलं, परत उणे 4! आणि रॅकवाले, तुमची ती लाडकी कॅप लिंक चालू असताना कुठे असते? खिशातच ना? तीच मळकी कॅप परत लावायची म्हणजे धूळ आपल्या हाताने आत भरायची.

रॅकवाला: हे मात्र लागलं. कॅपा यापुढे झिपच्या पिशवीत.

रात्रपाळी: आमचं एक मॉड्यूल ना स्टॅटिकने गेलं ना धुळीने. ड्रॉवरमध्ये 10 आणि 80 किलोमीटर पल्ल्याची एकत्र कोंबलेली, लेबलं घासून गेलेली. एकाने 80 किमीची जोडी टेबलावर दोन मीटरच्या पॅचकॉर्डने जोडली, मध्ये प्रकाश मंद करणारा अ‍ॅटेन्युएटर नाही. रिसीव्हर उणे 7 च्या वर सोसत नाही, समोरून येतंय शून्याच्याही वर. जळाला. कडीच्या रंगावर जाऊ नका, निळी म्हणजे 1310 नॅनोमीटर तरंगलांबीचं मॉड्यूल हा नुसता रिवाज आहे. म्हणून मी डबीच्या बाजूने: डबीवर लिहिता येतं.

रॅकवाला: डबी मान्य. पट्टा अजून नाही. गुलाबी अँटीस्टॅटिक पिशवीत मॉड्यूलं ठेवली तर चालतील ना?

फायबरताई: गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही इतकंच, बाहेरचा झटका अडवत नाही. त्याला चंदेरी, धातूचा थर असलेली लागते, तीही भोक न पडलेली. आणि पिशवीतून काढणार कशाने, नुसत्या हाताने? पुन्हा पट्ट्यावरच आलात.