प्रतिसाद: खलनायकाला कामच नसतं

तुम्ही विचारलंत की तुमच्या कथेतला व्हिलन दमदार कसा करायचा, त्यावर वर एकाने म्हटलंय की मालिकेतला व्हिलन फिका पडतो कारण त्याला बॅकस्टोरी (आधीची कहाणी) नसते, मला नाही पटलं. बॅकस्टोरी ढीगभर असते हो, त्याला स्वतःचं कामच नसतं! नायिकेने काही ठरवलं की खलनायिका दाराआडून ऐकणार, दुधात काहीतरी मिसळणार आणि शुक्रवारपर्यंत पकडली जाणार, आणि मालिका वाढवायचीय म्हणून सोमवारी परत त्याच घरात. मग भीती कसली वाटणार?

झी मराठीवर २०२० ला देवमाणूस मालिका आली तेव्हा हा प्रश्नच उलटा झाला, कारण गोष्टच खलनायकाची, एका बोगस डॉक्टरची. सावज तो शोधणार, डाव तो टाकणार, पोलीस त्याच्या मागून. (पुढे पाणी घातलंच, ते सोडा.)

तुमच्या कथेत नायक मध्यवर्ती आहे म्हणून सरळ तसं जमणार नाही, पण एक करून बघा, नायक गोष्टीत नसताच तर व्हिलनने पुढच्या दहा भागांत काय केलं असतं ते आधी लिहून काढा, आणि त्यातलं एखाददुसरं त्याला खरंच जिंकू द्या, नंतर फिरवता येणार नाही असं. म्हणजे त्याने नायकाची जमीन बळकावली, तर ती गेली ती गेलीच.