२ लाख ८० हजार चाललेली जीप: रिव्हर्सला कट्ट, ५० च्या वर घूं. गिअरबॉक्स उतरवू का?

पांधणवाला (घाटंजी तालुका)
राम राम मंडळी. गाडी २००९ ची, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी. वावर, बाजार, दवाखाना, सगळं हिच्यावरच. दिवाळीपासून दोन आवाज येऊन राह्यले. पहिल्यातून रिव्हर्स टाकला की खालून "कट्ट" असा एकच ठोका, आणि ५० च्या वर गेलं की "घूं" अशी रड. मिस्त्रीनं एक चक्करही न मारता सांगतलं, गिअरबॉक्स उतरवा लागते. कापूस घरात पडून आहे, गाडी आठ दिवस उभी ठेवणं जमत नाही. यवतमाळ-वर्ध्याकडे कोणी चांगला मिस्त्री असला तर तेही सांगा.

ग्रीसगन
भाऊ, थांबा. चक्कर न मारता गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे नाडी न पाहता सलाईन लावणं.

मोकळ्या रस्त्यावर घूं सुरू झाली की गाडी न्यूट्रल करा. इंजिन मंद झालं तरी आवाज तसाच, म्हणजे तो चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे. मग एक्सलेटरवर लक्ष ठेवा. जोर दिला की वाढते आणि पाय उचलला की सूर बदलतो, तर संशय हौझिंगमधल्या (मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा) क्राउन-पिनियनवर, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीवर. पायानं फरक पडत नाही पण वळणावर कमी-जास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. डाव्या वळणावर वाढली तर बहुतेक उजवीकडचं, वजन तिकडे जातं म्हणून. डांबरी सोडून सिमेंट रस्त्याला लागताच आवाज बदलला, तर टायर. त्यासाठी काही खोलू नका.

गिअरबॉक्सचं पाहायचं तर गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर आतलं बेअरिंग. दाबल्यावरच सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

पांधणवाला
पाहून आलो. उभ्या गाडीत काहीच आवाज नाही. चालत्या गाडीत पाय उचलला की घूं बारीक होते. वळणानं फरक नाही.

वऱ्हाडी_पाना
मंग गिअरबॉक्सले हात नोको लावू देजा. कट्टचं मी सांगतो. सपाट जाग्यावर उभी करजा, चाकाले दोन्हीकून दगड, न्यूट्रल. खाली घुसून शाफ्ट (गिअरबॉक्सातून हौझिंगकडे जानारा लांब दांडा) हातानं पिरगाळून पाहजा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा सांधा) टोपीजवळ लाल भुकटी दिसली का समजा, ग्रीस सरलं अन् गंजानं खाल्लं. क्रॉस घट्ट आहे पन शाफ्ट लय फिरते, तं खेळ हौझिंगमंदी आहे.

शाफ्ट काढाच्या आंधी दोन्ही तोंडाले रंगाची खूण करजा. फिरून बसला तं गाडी थरथरते, मंग अजून एक दुखणं. अन् शाफ्ट काढल्यावर गिअरमंदी टाकून गाडी थांबत नाही, हे ध्यानात ठेवजा राजेहो.

सेलूची_ताई
या पावसाळ्यात नाल्यातून नेली होती का?

पांधणवाला
नेली ना ताई. पोळ्याच्या आधी, अर्धं चाक पाण्यात होतं.

सेलूची_ताई
मग आधी हौझिंगचं ऑइल पाहा. चालून तापलेलं हौझिंग एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर (हौझिंगची हवा जायची-यायची वाट) किंवा सील खराब असेल तर पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ निघालं तर हेच झालं. काम घरी करणार असाल तर भरायचं बूच आधी सोडवा, खालचं नंतर. वरचं गंजून अडकलं आणि खालून सगळं सांडलं, तर गाडी अंगणातच राहील. (आमची राहिली होती. सासऱ्यांनी त्यावर वर्षभर ऐकवलं.)

नवं ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नका, त्याचा ग्रेड वेगळा असू शकतो.

मिस्त्रीचं म्हणाल तर पांढरकवडा ते हिंगणघाट हायवेवर ट्रकची हौझिंग बांधणारे शोधा, ट्रकवाल्यांनाच विचारा. क्राउन आणि पिनियन जोडीनंच बदलतात. एकटं पिनियन टाकून देतो म्हणणाऱ्याकडून परत या.

पांधणवाला
मागच्या क्रॉसला लाल भुकटी होती. क्रॉस बदलला, कट्ट गेलं. ऑइल तर टपरीवरच्या चहासारखं निघालं. बुचाच्या चुंबकावर बारीक लगदा होता, तुकडे नव्हते. ब्रीदर चिखलानं बुजलेला. नवं ऑइल टाकून पांढरकवड्यापर्यंत जाऊन आलो. घूं निम्मी झाली, पण ६० च्या पुढं अजून आहे. कापूस जिनिंगला गेला की पिनियनची बेअरिंग पाहून घेतो.

वऱ्हाडी_पाना
तवरोक गाडीत माल मोजून भरजा. अन् जुना क्रॉस फेकू नोको, मिस्त्रीले दाखवाले कामी येते.