गिरण्यांची जमीन: बाग, घर आणि वारसा एकाच नियमात बांधणं बरोबर होतं का?

नकाशावाला
मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 क्रमांकाचा नियम 1991चा. त्यात गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे करायचे होते. पाच हेक्टरपर्यंत 33 टक्के पालिकेला मोकळ्या जागेसाठी, 27 म्हाडाला घरांसाठी, 40 मालकाला. पाच ते दहा हेक्टरला 33-34-33, त्यावर 33-37-30.

2001च्या दुरुस्तीनंतर वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची होऊ लागली; शेड पाडून रिकामी झालेली जमीन हिशेबाबाहेर गेली. 8 हेक्टरच्या गिरणीत 6 हेक्टरवर शेड असतील तर बागेला मिळायचे 2.64 हेक्टर, ते आले 0.66 वर. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हे अडवलं, पण 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली.

माझ्या मते बाग, घरं आणि जुन्या शेडचा वारसा या तिन्ही गोष्टी एकत्र बांधणं बरोबरच होतं. घात केला तो मोजणीने. उरल्यासुरल्या गिरण्यांना तरी 1991चीच मोजणी लावा.

कौलारू
असहमत. 1991च्या नियमातही वारसा अधांतरीच होता. शेड पाडली तर वाटणी, आहे ती शेड दुरुस्त करून दुसऱ्या कामाला वापरली तर वाटणी नाही. म्हणजे शेड वाचली की बाग आणि घरं गेली, बाग-घरं हवी तर शेड पाडा. 2001 नंतर तर पाडण्यातच फायदा.

शेडची रचना बघा. करवतीच्या दातांसारखं छप्पर, उत्तरेकडे काचा, कारण मागावर थेट ऊन नको, पण दिवसभर सारखा उजेड हवा. खाली बिडाचे खांब. सगळं तळमजल्यावर पसरलेलं, त्यामुळे जमीन भरपूर खाते आणि चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून परवानगी असलेलं बांधकाम) वापरते थोडंच. वाटणीसाठी जमीन उरणार कुठून? वारसा वेगळा काढा, न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर (तेवढं बांधकाम दुसऱ्या जागी करण्याचा, विकता येणारा हक्क) मालकाला द्या आणि तो बाहेर वापरू द्या.

तिसरी_गल्ली
टीडीआर देऊन मालक मोकळा होतो, छप्पर नाही. दोन दातांमधली पन्हळ एका पावसाळ्यात पानांनी तुंबली की पाणी आत उलटतं आणि छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्यांची टोकं भिंतीत बसतात तिथेच कुजायला लागतात. खालून काही दिसत नाही. बीड ठिसूळ, तडा गेला तर साधं वेल्डिंग टिकत नाही. पन्हळ साफ केल्याचा दाखला दरवर्षी मेअखेर घ्या आणि टीडीआर टप्प्याटप्प्याने द्या. एकरकमी दिलात तर दुसऱ्या वर्षापासून कोण वर चढणार?

जमिनीच्या वाटणीबद्दलही बोला. प्रत्येक गिरणीचे वेगळे तीन वाटे केले की बागेचे तुकडे पडतात. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला होता. तो मार्ग घ्यायला हवा होता.

नकाशावाला
कौलारू, शेड-वाटणीच्या विरोधाभासाचा मुद्दा मान्य. पण टीडीआर बाहेर नेला की घरंही बाहेर जातात. गिरणगावात परवडणारं घर हवं तर म्हाडाची जमीन गिरणगावातच हवी. म्हणून म्हणतो, शेडखालची जमीन मोजणीत धरा, पण तिच्या वाट्याचा भाग त्याच परिसरातल्या दुसऱ्या गिरणीत घ्या. तिसरी_गल्लींचा एकत्रित आराखडा इथेच कामी येतो.

कौलारू
दोन गिरण्यांचे मालक वेगळे असले तर? एकाची शेड राहिली म्हणून दुसऱ्याने जास्त जमीन का द्यावी? भरपाई कोण देणार, ते आधी लिहा.

तिसरी_गल्ली
शेड ज्याची, त्याच्याच विक्रीच्या इमारतींच्या चटईक्षेत्रातून. आणि जमीन हातात येईपर्यंत त्याला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी) द्यायचं नाही. जमीन देण्याची अट बांधकाम परवानगीच्या वेळी नुसती कागदावर घेतली की पुढची वीस वर्षं पत्रव्यवहारातच जातात.