देवरवाडीतून महिपाळगडला बाबांना चालत नेता येईल काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरात दिवसभर बातम्या चालू असतात, सीमाप्रश्नाची तारीख, पुढाऱ्यांची भाषणं, मग मोबाईलवर परत तेच. खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात हाय आणि बाबा तेव्हापासून एकेक बातमी जीवाला लावून घेतात. आता रात्री झोप लागत नाही त्यांना, डॉक्टर म्हणाले रोज थोडं मोकळ्या हवेत चाला.

मागच्या रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेलं पण तिथं गर्दी, सेल्फी, आणि बाजूला चार लोक राजकारणावरच बोलत बसलेले, बाबा पण त्यात शिरले!! भीमगडाकडं जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, तेवढं आम्हाला झेपणार नाही. देवरवाडीच्या वैजनाथ मंदिरात मात्र एकदा तासभर शांत बसले होते, झाडी बघत, एक शब्द बातम्यांचा नाही. म्हणून तिथूनच पुढं महिपाळगडला चालत जावं असं डोक्यात हाय.

बाबा ६४ वर्षांचे, सपाटीवर तासभर चालतात, उतारावर डावा गुडघा दुखतो. गाडी नाही, बेळगावहून शिनोळीमार्गे बसनंच जाणार आणि अंधाराच्या आत घरी यायचं हाय. डांबरी रस्ता हाय ते माहीत हाय, पण गाड्यांच्या बाजूनं चालायचं नाही.

अलीकडं कोण गेलं असेल तर सांगा, मंदिरापासून गडावर झाडीतली पायवाट आता मोकळी हाय काय, आणि उतरताना गुडघ्याला त्रास होईल एवढा उभा उतार हाय काय?