मदत हवी आहे : वसंताची चाहूल, बंद कुरण आणि केस न उतरणारे म्हातारे तट्टू

घोडे पाळणाऱ्यांनी आणि जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आमच्या छोट्या शेतावर एक घोडी, एक खच्ची केलेला घोडा आणि वयाची विशी ओलांडलेले एक तट्टू आहे. हिवाळा सरत आला असून वसंताच्या खुणा एकेक करून दिसू लागल्या आहेत. परंतु जनावरांच्या अंगावर दिसणाऱ्या खुणा आणि जमिनीवर दिसणाऱ्या खुणा यांचा मेळ बसत नाही, आणि त्यामुळे दोन निर्णय अडले आहेत. हिवाळाभर बंद ठेवलेले कुरण केव्हा आणि किती वेळ उघडावे, हा पहिला. आणि तट्टाचे हिवाळी केस अजून उतरत नाहीत, ते वयामुळे की एखाद्या आजारामुळे, हे ठरवण्याचा दुसरा. आधी जे दिसते आहे ते सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

घोडी आणि घोडा या दोघांचे केस चांगलेच गळू लागले आहेत. थंडी अजून पुरती हटलेली नाही, पहाटे पाण्याच्या टाकीवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, तरीही खरारा फिरवला की मानेवरून आणि खांद्यावरून केसांचे पुंजके निघतात. यात मला नवल वाटत नाही, कारण घोड्याचे केस गळण्याची वेळ मुख्यतः हवेतील उबेवरून नव्हे, तर दिवसाच्या लांबीवरून ठरते. डोळ्यांवर पडणारा प्रकाश वाढू लागला की शरीरातील मेलाटोनिन या संप्रेरकाचा रात्री स्रवण्याचा काळ आखडतो, प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक वाढते आणि हिवाळी केस मुळाशी सैल होतात. म्हणजे ही प्रक्रिया वर्षातील सर्वांत लहान दिवस उलटल्यावर भर थंडीतच सुरू झालेली असते. आपल्या हाताला ती काही आठवड्यांनी लागते, इतकेच. कुंपणाच्या तारेला अडकलेले केस आता पक्षी नेऊ लागले आहेत. तारेच्या पिळात गुंतलेला पांढरा केस एका लहानशा पक्ष्याने चोचीत धरून, पाय तारेवर घट्ट रोवून आणि सगळे अंग मागे टाकून ओढून काढला, तेव्हा मी हातातले काम सोडून पाहतच राहिले.

घोडीही माजावर येण्याची लक्षणे दाखवते आहे. शेपटी उचलणे, थोडे थोडे मूत्र टाकणे, घोड्याजवळ जाऊन किंचाळणे हे सर्व सुरू झाले आहे, पण त्यात नियमितपणा नाही. हिवाळ्यातील विश्रांतीनंतरचा हा संक्रमणकाळ असा अनियमितच असतो आणि पुढे सुमारे २१ दिवसांचे चक्र बसते, हे मला ठाऊक आहे. तिच्यापासून शिंगरू घ्यायचे नसल्याने त्याविषयी माझा प्रश्न नाही.

जमीन मात्र निराळेच सांगते. उन्हाकडे तोंड असलेल्या उतारावर कोवळी पाती वर आली आहेत, तर सखल भागात अजून पाणी साचलेले आहे आणि फाटकाजवळ जनावरांचे पाय घोट्यापर्यंत रुततात. दुरून पाहिले तर कुरण हिरवे दिसते, पण खाली बसून पाहिले की पाती बोटभरही उंच नाहीत, आणि चिमटीत धरून ओढले तर काही ठिकाणी गवत मुळासकट हातात येते. तिघांनाही हिरव्याचा वास लागला आहे. पुढ्यात वाळलेले गवत असतानाही ती कुंपणाशी जाऊन उभी राहतात आणि खालच्या तारेखालून मान घालून पलीकडची पाती ओढतात.

मला भीती आहे ती लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतील हाड आणि बाहेरचे कवच यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यांना होणाऱ्या इजेची. तट्टू मुळातच थोड्या चाऱ्यावर पुष्ट होणारे आहे, त्याच्या मानेचा वरचा काठ चरबीने टणक लागतो आणि पाठीवरचे मांस मात्र या वर्षी उतरल्यासारखे वाटते. त्याच्या पोटाखालचे, जबड्याखालचे आणि पायांच्या मागच्या बाजूचे केस लांब आणि दाट आहेत. खरारा कितीही वेळ केला तरी हाती फारसे काही लागत नाही. भूक चांगली आहे, चाल सध्या तरी मोकळी आहे.

कुरणाबाबत मला परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. पहाटे चारावे, कारण त्या वेळी गवतात साखर सर्वांत कमी असते, असे काही जण सांगतात. दव गोठलेले असेल तर सकाळी कुरणात मुळीच सोडू नये, असे इतर काही जण बजावतात. या दोन्हींतले खरे काय, आणि कुरण तयार झाले हे ओळखण्यासाठी कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा, हे कृपया कारणासह सांगावे. केस गळू लागलेल्या दोघांची झूल आता काढावी का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद १

आपण पाहिलेल्या खुणांत विसंगती नाही, कारण त्या दोन वेगवेगळ्या गोष्टींवर चालतात. जनावराचे शरीर प्रकाशावर चालते आणि गवत मातीच्या उबेवर. केस गळू लागले म्हणून कुरण उघडू नये. थंड हवामानातील गवते मातीचे तापमान साधारण ५ ते ६ अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागले की वाढीला लागतात. तेव्हा मातीत खुपसायचा तापमापक घेऊन रोज एकाच वेळी, बोटाएवढ्या खोलीवर नोंद करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. त्यातही पाती १० ते १५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत थांबावे आणि चरून ती ७ ते ८ सेंटीमीटरवर आली की जनावरे बाहेर काढावीत. आपण केलेली चिमटीची परीक्षा फार चांगली आहे. जे गवत आपल्या बोटांनी उपटते ते घोड्याच्या दातांनी उपटणारच, आणि मग त्या जागी उन्हाळ्यात तण माजते.

पहाटेच्या प्रश्नावर दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त प्रत्येकाची अट सांगायची राहिली आहे. गवत दिवसा उन्हात साखर तयार करते आणि रात्री वाढीसाठी ती खर्च करते, म्हणून उबदार रात्रीनंतरच्या पहाटे साखर सर्वांत कमी आणि दुपार कलल्यावर सर्वांत जास्त असते. परंतु रात्र ५ अंशांखाली गेली तर वाढ थांबते, खर्च थांबतो आणि आदल्या दिवसाची साखर, थंड हवामानाच्या गवतांत विशेषतः फ्रुक्टान या साठवणीच्या साखरेच्या रूपाने, पात्यांत आणि देठांत साठून राहते. त्यानंतर स्वच्छ ऊन पडले की त्यात भरच पडते. वसंताच्या सुरुवातीला असेच हवामान असते, म्हणून गोठलेले दव आणि वर लख्ख ऊन अशा दिवशी दिवसभर कुरण बंद ठेवणे योग्य. गवत आखूड आहे म्हणून ते निर्धोक आहे असेही समजू नये; सतत कुरतडलेल्या आखूड गवतात साखरेचे प्रमाण बरेच जास्त असू शकते.

सोडताना आधी वाळलेले गवत पोटभर द्यावे आणि मग १५ ते २० मिनिटांपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वेळ वाढवत न्यावी. याचे कारण घोड्याच्या मोठ्या आतड्यात आहे. तिथले सूक्ष्मजीव हिवाळाभर तंतुमय चाऱ्यावर जगलेले असतात, आणि त्यांची घडण बदलायला वेळ लागतो. एकदम हिरवे मिळाले तर लीद पातळ होण्यापासून पोटशूळापर्यंत काहीही होऊ शकते. थोडाच वेळ सोडले म्हणजे थोडेच खाल्ले, असेही नसते. उपाशी सोडलेले तट्टू त्या वेळात अधाशीपणे खाते आणि दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा उरकून टाकते. चरताना घालायचे मुसके यासाठी उपयोगी पडते, मात्र त्यातून पाणी पिता येते ना, याची खात्री करून घ्यावी.

आपल्या तट्टाला मात्र तूर्त कुरणात सोडूच नये. गवत नसलेले कोरडे आवार आणि मोजून दिलेले वाळलेले गवत एवढेच त्याला पुरे. जाड जनावराला ते शरीराच्या वजनाच्या सुमारे १.५ टक्के द्यावे. तासभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर त्यातील विद्राव्य साखर बरीच कमी होते.

प्रतिसाद २

तट्टाविषयी लिहिते. विशीच्या पुढचे वय, न उतरणारे केस, पाठीवरचे उतरलेले मांस आणि तरीही चरबीने टणक मान, हे सर्व एकत्र आले असेल तर केवळ म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मधल्या भागावर डोपामिन या मेंदूतील रसायनाचा जो अंकुश असतो, तो वाढत्या वयात सुटतो, ग्रंथी अतोनात काम करू लागते आणि एसीटीएच हे संप्रेरक रक्तात वाढते. याला पीपीआयडी म्हणतात. जुने लोक घोड्यांचा कुशिंग म्हणतात. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत आणि विशेषतः तट्टांत तो पुष्कळ आढळतो. केस उशिरा गळणे किंवा मुळीच न गळणे हे त्याचे सर्वांत ओळखीचे लक्षण आहे, आणि ते नेमके याच ऋतूत उघडे पडते, कारण शेजारची जनावरे केस टाकत असतात आणि हे एकटेच हिवाळी अंगाने उभे असते. आपण सांगितलेल्या जागा, म्हणजे जबडा, पोट आणि पायांची मागची बाजू, याच जागी केस आधी रेंगाळतात. पाणी आणि मूत्र यांचे प्रमाण वाढले आहे का, विनाकारण घाम येतो का, लहानसहान जखमा चिघळतात का, हेही पाहा.

पशुवैद्यांना बोलावून रक्तातील एसीटीएच तपासून घ्यावे. निरोगी घोड्यांतही ते उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत वाढलेले असते, म्हणून निकाल वाचताना त्या ऋतूची मर्यादा लावावी लागते. त्याच वेळी इन्शुलिनचीही तपासणी करण्यास सांगा. लॅमिनायटिसचा धोका किती, हे इन्शुलिनवरून अधिक नीट कळते, कारण कुरणातल्या लॅमिनायटिसमागे बहुतेक वेळा रक्तात प्रमाणाबाहेर चढलेले इन्शुलिन असते. आजार निघाला तर तो समूळ जात नाही, पण पर्गोलाइड हे औषध रोज दिल्याने अनेक जनावरे पुढे वर्षानुवर्षे सुखाने राहतात. सुरुवातीला काहींची भूक मंदावते, तेव्हा ते पशुवैद्यांना लगेच कळवावे. उन्हाळ्यात अंगावरचे केस कापून द्यावेत. एवढ्याशा गोष्टीने त्याला फार आराम पडतो.

झुलीविषयी : सुकी थंडी घोडा सहज सोसतो. अर्धे केस गळालेल्या जनावराला त्रास होतो तो गार पावसाचा आणि वाऱ्याचा. दिवसा झूल काढा, भिजण्याची शक्यता असेल तेव्हा घाला, आणि रोज झुलीखाली हात घालून घाम आला आहे का ते पाहा.

प्रतिसाद ३

फाटकाजवळच्या चिखलाकडे दुर्लक्ष करू नये, एवढेच सुचवतो. खूर रोज आकड्याने साफ करून तळव्यावरच्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचा हुंगून पाहाव्यात. काळा ओलसर स्राव आणि कुजका वास आला तर तिथे सड लागली आहे. घोट्याच्या मागच्या वळीत खपल्या धरल्या असतील तर त्या ओढून काढू नयेत. आधी पाय कोरडे ठेवण्याची सोय करावी. केस गळताना घोडे अंग घासतातच, पण उवांचा जोरही हिवाळ्याच्या अखेरीसच असतो, म्हणून आयाळीखाली केस दुभंगून एकदा उजेडात पाहावे. जंतांचे औषध अंदाजाने देण्याऐवजी लिदेतील अंडी मोजून घ्यावीत.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पशुवैद्यांशी बोलणे झाले असून ते रक्त घेण्यास येणार आहेत, तोवर तट्टू कोरड्या आवारातच राहील. फाटकाजवळ खडी टाकून पाण्याला वाट काढून देत आहोत, आणि मातीच्या तापमानाची नोंद ठेवणे सुरू केले आहे. उतार आणि सखल भाग यांत मला वाटले होते त्यापेक्षा बराच फरक निघाला, त्यामुळे कुरण दोन भागांत विभागून उताराचा भाग आधी उघडण्याचा विचार आहे. एक शेवटची विनंती. लॅमिनायटिस सुरू होत असेल तर खुराकडे जाणारी नाडी जोरात उडते असे वाचले, पण ती नेमकी कुठे आणि कशी पाहावी?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांकडून

घोट्याच्या सांध्याच्या मागच्या बाजूला, आत आणि बाहेर अशी दोन उंचवट्यांची हाडे हाताला लागतात. त्यांच्यावर दोन बोटे आडवी सरकवली की दोरीसारखी एक शीर बोटाखालून निसटते. तिथेच बोटे हलकी ठेवून थांबावे. जोरात दाबले तर नाडी बंद पडते आणि काहीच कळत नाही. निरोगी पायात ती इतकी मंद असते की सापडायलाच वेळ लागतो. ती सहज आणि ठळक उडताना लागली, खूर तासन्‌तास गरम राहिला, जनावर वळताना कचरू लागले किंवा पुढच्या पायांवरचा भार मागे टाकून उभे राहिले, तर त्याला चालवू नये, मऊ जाड अंथरणावर ठेवावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवावे. तिन्ही जनावरे धडधाकट आहेत तोवरच चारही पायांची नाडी रोज पाहण्याची सवय करून घ्या. विसावलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, तट्टाचे थोडे अधिक असू शकतात; तेही त्याच वेळी मोजून वहीत लिहून ठेवावेत.